हरकतमास्तरांचं न ऐकलेलं म्हणणं

प्रिय सई आणि ईशान,

गेल्या रविवारी फोनवर सई म्हणाली, की तिच्या कॉलेजच्या नाटकमंडळानं आपल्या अध्यक्ष मुलीला एका दुपारात काढून टाकलं. मी विचारलं, "तिचं म्हणणं ऐकून घेतलं का?" सई म्हणाली, "आजी, तिनं काय केलं ते सगळ्यांना माहीत होतं. मग ऐकायचं काय?" तुम्हाला बाहेर जायची घाई होती, म्हणून मी विषय बदलला. पण प्रश्न डोक्यातून जाईना. त्याच्या महिनाभर आधी इथे सोलापुरात हरकतमास्तर वारले होते. या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलं असतं. ते आता नाहीत, म्हणून मी लिहायला बसले आहे. माझं मराठी जिथे जड जाईल तिथे बाबाला विचारा.

हरकतमास्तर हे त्यांचं खरं नाव नव्हे. आमच्या जिल्ह्याच्या शिक्षक संघटनेत त्यांना ते पडलं होतं, कारण कुठल्याही सभेत ते एकदा तरी उभे राहून "अध्यक्षमहोदय, हरकत आहे" असं म्हणायचेच. हरकत घेताना ते आपला-परका पाहत नसत. स्वतःलाही सोडत नसत. एका वर्षी त्यांना उपाध्यक्ष करायचं सगळ्यांनी ठरवलं. नाव पुकारलं, टाळ्या झाल्या, हार गळ्यात पडायच्या बेतात होता, आणि हे स्वतःच उभे राहिले. अर्ज मागे घ्यायची वेळ संपलेली नाही, तोवर निवड जाहीर करता येणार नाही, ही त्यांची हरकत. मग सगळी सभा घड्याळाकडे बघत बसली. हार धरून उभे असलेले गृहस्थ वैतागून म्हणाले, "मास्तर, फुलं सुकाय लागली की." हे म्हणाले, "सुकली तर सुकली. उद्या कुणी म्हणाय नको, हार सुकंल म्हणून निवड उरकली."

ते मूळचे माळशिरसकडचे. त्यांच्याकडे दोन भाषा होत्या. सभेत उभे राहिले की तोंडातून छापील मराठी यायची: "सदर सदस्यास आपली बाजू मांडण्याची संधी देण्यात यावी." आणि खाली बसता बसता शेजारच्याला, "जरा सरका की, लई उकडतंय हितं." मी संघटनेच्या कार्यकारिणीवर होते, म्हणून बहुतेक वेळा तो शेजारचा म्हणजे मीच असायची. मला ते मॅडम म्हणत आणि मी त्यांना सर. सभेत ते माझ्याविरुद्धही हरकत घेत. नंतर डबा उघडून शेंगाची चटणी पुढे करत आणि विचारत, "राग न्हाय ना?" राग असला तरी त्या चटणीपुढे टिकत नसे.

त्यांची शाळा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीजवळ. वर्गात बहुतेक मुलं टॉवेल आणि चादरींच्या कारखान्यांतल्या कामगारांची. एकदा खिडकीची काच फुटली. आम्हा शिक्षकांची एक जुनी खोड आहे. काही मोडलं की आपण गरजतो, "कोण रे तो?" मग सगळा वर्ग एकाकडे बोट दाखवतो, आणि त्या बोटावर आपला न्याय होतो. त्या दिवशी बोटं एका विणकराच्या मुलीकडे वळली. हरकतमास्तरांनी तिला स्वतःच्या खुर्चीत बसवलं, वर्गाला गप्प केलं आणि म्हणाले, "आता तू बोल. तुझं संपेपर्यंत कुणी बोलायचं न्हाय. मीसुद्धा." ती रडत रडत घरच्या भाषेत, तेलुगूत, बोलू लागली, तर दुसऱ्या वर्गातून एक मुलगी अर्थ सांगायला बोलावली. तास गेला, पुढचाही अर्धा गेला. शेवटी निघालं काय, तर काच तिनंच फोडली होती. तिला शिक्षा झाली, आठवडाभर वर्ग झाडायची.

शिक्षकखोलीत ही गोष्ट चवीनं सांगितली गेली. एकानं चिमटा काढला, "म्हणजे मास्तर, एवढी कोर्टकचेरी करून तुम्ही तिथंच पोचलात, जिथं पोरं एका बोटात पोचली होती."

"व्हय," हरकतमास्तर म्हणाले. "पण आपल्यालाबी विचारत्यात, हे तिला कळलं. ते बोटात कळत न्हाय."

घरातही तेच. त्यांच्या मुलीच्या साखरपुड्याला सगळे जमले होते, पेढ्यांचे पुडे फोडायचे बाकी होते. हे मधेच मुलीला म्हणाले, "बाई, सगळ्यांदेखत सांग. तुझं काय म्हणणं आहे?" व्याही चपापले. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, पदर तोंडाशी धरून माझ्या कानात म्हणाल्या, "हितंबी सभा घेतली बघा यांनी." मुलगी हसून हो म्हणाली आणि पेढे वाटले गेले.

आता जे घडलं ते क्रमानं सांगते.

काही वर्षांपूर्वी संघटनेचं एक आंदोलन चालू होतं. अतिरिक्त ठरवलेल्या शिक्षकांना लांबच्या तालुक्यांत पाठवायचं घाटत होतं आणि आम्ही धरण्याला बसलो होतो. त्याच दिवसांत एक फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. त्यात आमचे सरचिटणीस एका अधिकाऱ्यासमोर चहा पीत हसत होते. बस, तेवढंच. एक कप, एक हसू. खाली कुणीतरी लिहिलं होतं, "सौदा झाला." संध्याकाळपर्यंत सरचिटणीस फितूर ठरले होते. त्यांनी खरोखर काही सौदा केला होता का, हे मला आजही माहीत नाही.

रविवारी एका शाळेच्या सभागृहात सभा भरली. अध्यक्ष पेशानं मुख्याध्यापक, आवाज घंटेसारखा. त्यांनी प्रस्तावना अशी केलीच नाही. "सरचिटणिसांना पदावरून काढावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा," म्हणाले. बाकांवर दाटीवाटीनं बसलेली मोठी माणसं, आणि वर गेलेले हात. मला आपण सहावीच्या वर्गात आहोत असं वाटलं. सरचिटणीस पहिल्या बाकावर मान खाली घालून बसले होते.

"अध्यक्षमहोदय, हरकत आहे."

सगळ्यांनी माना वळवल्या, कारण हरकतमास्तर आणि सरचिटणीस यांचं हाडवैर सगळ्यांना ठाऊक होतं. सरचिटणीस भाषणांत यांना 'भातातला खडा' म्हणत. कित्येक वर्षं दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. तोच खडा आज त्यांच्यासाठी उभा राहिला होता. आरोप लेखी द्या, खुलाशाला पंधरा दिवस द्या, तक्रार करणाऱ्यांपैकी कुणी नसेल अशी तीन जणांची समिती नेमा, आणि त्या माणसाला समोर बसवून त्याचं ऐका. मग हात वर करा. आपल्या नियमावलीत हेच आहे आणि ते आपणच केलेलं आहे.

"चोराला कसली नोटीस?" मागून कुणी ओरडलं.

हरकतमास्तरांची छापील भाषा सुटली. "चोर हाय का न्हाय ते ठरवायलाच असते नोटीस. मला त्या माणसाचं तोंड बघावं वाटत न्हाय, हे तुमाला सगळ्यांना म्हाईत हाय. पण उद्या तुमचा फोटो फिरंल तवा तुमी कुणाकडं बघणार?"

खूप आरडाओरडा झाला. शेवटी अध्यक्षांनी नाइलाजानं नोटीस द्यायचं मान्य केलं. जाताना सरचिटणीस हरकतमास्तरांच्या समोरूनच बाहेर पडले. मी म्हटलं, "सर, निदान आभार तरी मानायचे." ते म्हणाले, "आभार कशाचे? मी त्यांच्यासाठी केलंच न्हाय."

इथवर ही गोष्ट चांगली आहे. मुलांनो, मला ती इथेच संपवता आली असती तर बरं झालं असतं.

त्या पंधरा दिवसांचा उपयोग सरचिटणिसांनी खुलासा लिहायला केला नाही. संघटनेच्या निवडणुका तोंडावर होत्या. त्यांच्यामागे दोन तालुके होते, आणि अध्यक्षांना ते दोन तालुके हवे होते. दोघांचं जमलं. पुढच्या बैठकीत अध्यक्षांनी हसत जाहीर केलं, की गैरसमज दूर झाला आहे आणि विषय संपला. टाळ्या झाल्या. 'चोराला कसली नोटीस' म्हणणारा माणूसही टाळ्या वाजवत होता.

हरकतमास्तर पुन्हा उभे राहिले. विषय असा संपत नाही, म्हणाले. आरोप झालेला आहे, तर चौकशी पूर्ण करा. दोषी असतील तर तसं सांगा, निर्दोष असतील तर तसं लिहून द्या. "त्यांच्या नावावरचा डाग तुम्ही पुसलेला नाही, झाकलेला आहे. ज्याला जेव्हा पाहिजे तेव्हा तो उघडा करता येईल."

मी व्यासपीठाकडे बघत होते. अध्यक्ष आणि सरचिटणीस यांच्या चेहऱ्यावर एकाच वेळी एकच भाव आला. चौकशी दोघांनाही नको होती. एकाला काय निघेल म्हणून, आणि दुसऱ्याला काहीच निघालं नाही तर आपण कोणत्या तोंडानं हात वर करायला लावले म्हणून. कालपर्यंत भातातला खडा एकाच्या दातांखाली येत होता. आता तो दोघांच्या आला.

हरकतमास्तरांना काढायचं घाटतंय हे त्यांना कसं कळलं, तेही सांगते. हरकतमास्तरांकडे साधा बटणांचा फोन होता. संघटनेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये त्यांचा म्हणून जो नंबर होता तो वहिनींचा. वहिनी एका सकाळी ग्रुपवरचे सुविचार वाचायला गेल्या आणि म्हणाल्या, "अहो, मला कुणीतरी काढलं की हो. मी काय केलं?" त्यांना खरंच वाटलं, की आपलं बोट कुठं चुकीचं लागलं. त्यांनी मला फोन करून माफी मागितली. मग कुणाकडून तरी कळलं, की रविवारी सभा आहे आणि विषय आहे उपाध्यक्षांची, म्हणजे यांचीच, संघटनाविरोधी कृती.

नोटीस नाही, आरोप नाहीत, काही नाही. तरी ते आठवडाभर बसून तयारी करत राहिले. मी त्यांना म्हटलं, "सर, हे आधीच ठरलेलं आहे." ते म्हणाले, "ठरलेलं असंल. पण ऐकून घेतल्यावर माणूस बदलतो, मॅडम. मी वर्गात बघितलंय." त्या रविवारी ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. मी त्यांच्याबरोबरच आत गेले.

अध्यक्ष म्हणाले, "सर, कार्यकारिणीनं तुमचं सदस्यत्व स्थगित केलेलं आहे. तुम्हाला सभागृहात बसता येणार नाही."

कार्यकारिणीची अशी बैठक झालीच नव्हती. मी कार्यकारिणीवर होते. मी तसं उभी राहून सांगितलं. माझं बोलणं माइकच्या आवाजात बुडालं.

हरकतमास्तर म्हणाले, "अध्यक्षमहोदय, हरकत आहे."

"हरकत घ्यायला सदस्य असावं लागतं, सर."

सभागृहात हशा पिकला. काही जण खरोखर मनापासून हसले. वाक्य चांगलं जमलं होतं. मी त्या वेळी हरकतमास्तरांकडे पाहिलं. शिडीवर चढलेल्या माणसाची शिडी काढून घ्यावी तसा त्यांचा चेहरा झाला होता. इतकी वर्षं ज्या नियमावर ते उभे होते तोच कुणीतरी त्यांच्या पायाखालून ओढला होता, आणि ओढतानाही नियमाचंच नाव घेतलं होतं.

मग अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही बाहेर उभे राहा."

मला वाटत नाही की त्यांनी ते मुद्दाम अपमान करायला म्हटलं. मुख्याध्यापकाच्या तोंडून ते सवयीनं गेलं. आणि हरकतमास्तर खरंच बाहेर जाऊन व्हरांड्यात उभे राहिले. घरी गेले नाहीत, कारण आपलं म्हणणं ऐकायला आपल्याला आत बोलावतील असं त्यांना वाटत होतं. नियमात तसं होतं.

ठराव मांडला गेला. विरोधात हात दोनच वर गेले, एक माझा आणि एक बार्शीकडच्या एका बाईंचा, ज्यांना मी ओळखतही नव्हते. मी अध्यक्षांना म्हटलं, "त्यांना आत बोलवा. दहा मिनिटं ऐका आणि मग काय करायचं ते करा." ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, सगळ्यांना सगळं माहीत आहे. सभेचा वेळ घेऊ नका." सई, आता कळलं का, तुझं वाक्य माझ्या डोक्यातून का जाईना?

मी बाहेर आले तर ते पिण्याच्या पाण्याच्या टाकीशेजारी उभे होते. शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. "बोलावलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही, सर. ठराव झाला."

"माझं न ऐकता?"

"हो."

त्यांनी नळ सोडून तोंडावर पाणी मारलं. मग म्हणाले, "सूचक कोण?"

मी सरचिटणिसांचं नाव सांगितलं.

"अनुमोदक?"

तेही सांगितलं. त्यांनी मान हलवली, जणू आता सगळं रीतसर झालं. मग माझ्याबरोबर रिक्षापर्यंत चालत आले. मला बसवून दिलं. स्वतः पायी गेले.

पुढचं थोडक्यात. त्यांनी वरच्या समितीकडे दाद मागितली. उत्तर आलं नाही. पुन्हा मागितली. पुन्हा आलं नाही. पुढच्याच वर्षी ते निवृत्त झाले. निवृत्त होणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला संघटना शाल-श्रीफळ देते. त्यांना कुणी बोलावलं नाही. ज्यांच्यासाठी ते सभांमध्ये भांडले होते असे लोक रस्त्यात भेटले की मोबाइल कानाला लावत. मी हे अतिशयोक्तीनं लिहीत नाही. मी त्यांच्याबरोबर असताना दोनदा पाहिलं आहे.

पण मला त्याहून जास्त भीती वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. ते हरकत घेईनासे झाले. एकदा मी त्यांच्याकडे जेवायला गेले होते, तर वहिनी म्हणाल्या, "आमटी खारट झालीय, व्हय ना?" ते म्हणाले, "चालतंय." शेजाऱ्यानं यांच्या दारात गाडी लावली, तेही चालतंय. नळाला दिवसचे दिवस पाणी आलं नाही, गल्लीतले सगळे तक्रार करायला निघाले आणि यांना बोलवायला आले, तर म्हणाले, "तुमी जावा. माझं काय म्हणणं न्हाय." वहिनी स्वयंपाकघरात माझा हात धरून रडल्या. "बाई, भांडा म्हणावं यांना," म्हणाल्या. "माझ्याशी तरी भांडा म्हणावं." ज्या माणसाच्या हरकतींनी जन्मभर वैतागल्या होत्या, त्याच्या तोंडून एक हरकत निघावी म्हणून त्या मुद्दाम मीठ जास्त घालत होत्या.

उन्हाळ्यात ते आजारी पडले. दवाखान्यातही कशालाच नाही म्हणाले नाहीत. फार दिवस काढले नाहीत.

संघटनेनं शोकसभा घेतली. मोठा फोटो, त्याला हार. अध्यक्ष तेच आहेत. त्यांनी हरकतमास्तरांना संघटनेचा आधारस्तंभ म्हटलं, आणि नियम कसे पाळावेत हे आपण त्यांच्याकडून शिकलो, असं सांगितलं. सरचिटणिसांना बोलताना गहिवरून आलं. सभा संपल्यावर मी अध्यक्षांना गाठून म्हटलं, की त्यांना काढल्याचा ठराव अजून तसाच आहे, तो आता तरी रद्द करा. वहिनींना तेवढंच बरं वाटेल. त्यांनी माझ्याकडे सहानुभूतीनं पाहिलं.

"मॅडम, मयत सदस्याविरुद्धचा ठराव फिरवायची तरतूद नाही. फेरविचारासाठी त्या सदस्याचा स्वतःचा अर्ज लागतो."

मी घरी आले. त्यानंतर संघटनेच्या सभेला गेलेली नाही. या गोष्टीचा शेवट कधी तरी नीट होईल असं मला वाटत नाही, आणि तुम्हाला खोटं सांगायची माझी इच्छा नाही. जे झालं ते करणारी माणसं वाईट नव्हती. ती मुलांना शिकवत होती, अजून शिकवतात. त्यांनी ऐकून घेण्याची दहा मिनिटं वाचवली, इतकंच.

हरकतमास्तरांचं ते म्हणणं मात्र मी ऐकलं आहे. त्यांना काढलं त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले होते. मी म्हटलं, "सर, काल जे बोलणार होतात ते आम्हाला सांगा." ते नको म्हणाले. वहिनींनी दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडल्या आणि आम्ही दोघी बसलो. मग ते उभे राहिले, घसा साफ केला आणि छापील भाषेत बोलले. त्यातलं शेवटचं असं होतं:

"सन्माननीय सदस्यहो, माझ्यावर आरोप आहे की मी सरचिटणिसांची बाजू घेतली आणि नंतर त्यांच्या विरोधात गेलो. मी दोन्ही वेळा एकच मागितलं, की त्यांना विचारा. आज माझ्यासाठीही तेवढंच मागतो. मी चुकलो असेन तर मला काढा. पण माझ्याकडे बघून काढा."

वहिनींनी विचारलं, "संपलं का?" ते म्हणाले, "संपलं." आणि बसले.

हे म्हणणं ऐकलेली आज आम्ही दोघीच आहोत. वहिनींना हल्ली कमी ऐकू येतं. पण हे त्यांना शब्दन्‌शब्द आठवतं, आणि मलाही.

तुमची,
आजी